ओळखीतल्या एका माणसाचा प्रश्न

गळ्याशी वस्तरा आला की पुरुष खरं बोलायला लागतो. ही धमकी नाही, वीस वर्षांचा अनुभव आहे. तोंडाला फेस, अंगावर कापड, मान मागे, आणि बोलायचं ते समोरच्या आरशाशी. मी आपला पाठीमागे उभा. बापाला, भावाला, डॉक्टरला जे विचारता येत नाही ते माझ्या खुर्चीत बसलं की आपसूक बाहेर पडतं. पाटीवर 'केशकर्तनालय' लिहिलंय, पण आत जे चालतं ते अर्धं केसांचं आणि अर्धं कमरेखालचं.

अर्थात स्वतःसाठी कोणीच विचारत नाही. 'माझ्या ओळखीतला एक आहे', अशी सुरुवात. त्या ओळखीतल्या बिचाऱ्याला जगातली सगळी दुखणी. त्याला झोपेत होतं, त्याचं लवकर आटपतं, त्याची बायको गोळ्या घेते तर तिला पुढे मूल होईल ना, त्याने नसबंदी केली तर ताकद जाईल का. पूर्वी मी माझ्या अकलेने उत्तरं द्यायचो. माझी अक्कल म्हणजे माझ्याआधी याच खुर्चीमागे उभ्या राहिलेल्या माझ्या बापाची अक्कल, आणि त्याची त्याच्या बापाकडून आलेली. तीन पिढ्यांचं शुद्ध अज्ञान, तेही फुकट.

मग लग्न झालं आणि घरात सिस्टर आली. माझी बायको सरकारी दवाखान्यात तीन नंबरच्या खिडकीवर बसते. पाळी, गर्भ, निरोध, गुप्तरोग, म्हणजे लोक जे जे दबक्या आवाजात विचारतात ते सगळं तीन नंबरला. सगळे तिला सिस्टर म्हणतात. मीही म्हणतो, चिडवायला.

लग्नाला महिना झाला असेल. जेवताना मी सहज सांगितलं की आज एका गिऱ्हाइकाने असं असं विचारलं आणि मी त्याला तसं तसं सांगितलं. तिने हातातला घास खाली ठेवला.

"हे तुम्ही त्याला सांगितलंत?"

"हो."

"आणि तो ऐकून गेला?"

"खूश होऊन गेला."

"उद्या परत बोलवा त्याला," ती म्हणाली.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. प्रश्न मी आणायचे, उत्तरं तिने द्यायची, ती मी पोचवायची. अटी तिच्या. कोणाचं नाव विचारायचं नाही, हसायचं नाही, आणि उत्तरात पदरचा एक शब्द घालायचा नाही. दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी दुपारी तिची ड्युटी संपली की ती दुकानात येते. मी शटर अर्धं ओढतो, तिला खुर्चीत बसवतो, तिच्या लांब केसांची टोकं सारखी करतो आणि आठवड्याचे प्रश्न एकेक करून आरशाला विचारतो.

तिची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. वाटसरूने रस्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं सांगते: सरळ जा, डावीकडे वळा, पोचाल. लाजत नाही आणि लाजवत नाही. एकदा असाच एक 'ओळखीतला' आला, पहिल्या रात्री रक्त आलं नाही म्हणून तीन वर्षं बायकोवर संशय धरून बसलेला. सिस्टर म्हणाली, "त्याला म्हणावं, रक्त येण्या-न येण्यावरून काही कळत नाही. पुष्कळ जणींना येतच नाही. आणि तीन वर्षं ज्याने तिला छळलं त्याने आता तिची माफी मागावी." हा शेवटचा भाग उत्तरात धरायचा का, असं मी विचारलं. "तोच आधी सांगा," म्हणाली.

खिडकीवरही हीच तऱ्हा असते म्हणे. समोर येईल त्याला ती पहिलं विचारते, "कोणासाठी?" मग शेजारणीसाठी, मैत्रिणीसाठी, चुलतभावासाठी. "स्वतःसाठी आलेलं माणूस मला अजून भेटायचंय," ती म्हणते.

नऊ वर्षांत मी तिला शेकड्याने प्रश्न विचारले. एक तेवढा विचारला नाही, कारण तो माझा होता.

आम्हाला मूल नाही. पहिली दोन वर्षं कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या वर्षी आईने तोंड उघडलं ते मिटलंच नाही. माझ्या आईचं मन वाईट नाही, पण मन दिसत नाही आणि जीभ ऐकू येते. ओट्याशी उभी राहिली की पाच मिनिटांत कमरेवर हात ठेवून स्टुलावर बसणार, गुडघ्यांना दोष देणार आणि तिथून सुनेकडे वळणार. सिस्टर ऐकून घ्यायची. वर तिच्यासाठी गुडघ्यांचं तेल आणायची. आई ते कधी लावायची नाही. "आईंचं दुखणं गुडघ्यांचं नाही," सिस्टर मला एकदा म्हणाली, "पण त्यांनी विचारल्याशिवाय मी काय सांगू?" मी लक्ष दिलं नाही.

सिस्टरच्या तपासण्या सगळ्या झाल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्यांचा फोटो झाला. काही म्हणजे काही निघालं नाही. चार वर्षांपूर्वी तिने दुकानात येऊन माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. दवाखान्याचीच होती. वर लिहिलं होतं, पतीची वीर्यतपासणी. मी हातातला कंगवा भिंतीवर फेकला. मी काय तुला आजारी दिसतो, असं म्हणालो. आणखीही म्हणालो, ते लिहिण्यासारखं नाही. तिने कंगवा उचलला. त्याचे दोन दाते तुटले होते. तो आणि चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवून ती निघून गेली. नंतर त्या विषयावर तिने शब्द काढला नाही.

राग कसला, भीती होती ती. आकडा कमी निघाला तर मग आपण पुरुष कसले, अशी भीती. मजा बघा, हीच भीती घेऊन निदान दहा जण माझ्या खुर्चीत बसून गेले होते, आणि बीज कमी असण्याचा पुरुषपणाशी संबंध नाही हे सिस्टरचं उत्तर मीच त्यांना पोचवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

या वर्षी आईने नवीन डॉक्टरीण शोधली. तिने सिस्टरचे कागद चाळले आणि म्हणाली की आता भूल देऊन, पोटाला भोक पाडून दुर्बिणीने आत बघू. मग तिने विचारलं, "यांचा रिपोर्ट?" आई म्हणाली, "त्याचं सगळं व्यवस्थित आहे." डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. सिस्टरही बघायला लागली. मी मान हलवली. म्हणजे होकारार्थी.

महिन्यानंतरची तारीख मिळाली. घरी येताना मी सिस्टरला म्हटलं, नको वाटत असेल तर नाही म्हण. ती म्हणाली, "होऊन जाऊ दे. माझ्या बाजूचा प्रश्न तरी संपेल." तिची बाजू केव्हाच संपली होती, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

त्याच सुमाराला माझ्या हातून एक चूक झाली. आता नाव विचारायचं नाही म्हटल्यावर कोणाचा प्रश्न कोणता हे मी लक्षात कसं ठेवणार? डोक्यावरून. चेहरे मला आठवत नाहीत, चेहऱ्यावर फेस असतो. पण टाळू मी विसरत नाही. उजव्या कानामागे व्रण, लवकर होणारा. चपटं डोकं, नसबंदी. असं माझं दप्तर, आणि नऊ वर्षांत त्यात एकदाही गफलत नव्हती. त्या आठवड्यात मात्र दोन भोवऱ्यांची दोन डोकी आली. एक पोस्टातला कारकून, एक टॅक्सीवाला.

कारकुनाच्या ओळखीतल्याला हाताची सवय होती आणि त्याने अंधत्व येतं का, अशी काळजी होती. टॅक्सीवाल्याच्या ओळखीतल्याला लघवीला जळजळ होती आणि पू येत होता. सिस्टरने दोन्ही उत्तरं दिली. पहिल्याला: काही होत नाही, पुष्कळ जण करतात, निवांत राहा. दुसऱ्याला: दुकानातून गोळ्या आणून खाऊ नका, लगेच तपासून घ्या, बायकोलाही घेऊन या, नाहीतर एकमेकांना देत राहाल. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत दोन भोवरे येऊन बसले. मी वाकून हळूच म्हटलं, काही होत नाही, पुष्कळ जण करतात, निवांत राहा. टॅक्सीवाल्याने मला मिठी मारायचीच बाकी ठेवली.

कारकून दोन दिवसांनी आला. त्याला मी बजावलं की तपासणीला जा आणि बायकोला घेऊन जा. त्याचा चेहरा पडला. पण आज्ञाधारक माणूस. हिंमत गोळा करायला आठवडा घेतला आणि तीन नंबरच्या खिडकीवर जाऊन उभा राहिला.

"बायकोला घेऊन यायला सांगितलंय," तो म्हणाला.

"मग आणा," सिस्टर म्हणाली.

"लग्न नाही झालं अजून. कोणाचीही चालेल का?"

दोन भोवऱ्यांची दोन लग्नं होतात म्हणतात, याचं एक होईना आणि मी त्याला बायको आणायला धाडलं. एरवी सिस्टर हे सांगताना पोट धरून हसली असती. पण त्या दिवशी ती भर दुपारी खिडकी दुसरीच्या हवाली करून दुकानात आली. गिऱ्हाईक खुर्चीत होतं तरी थांबली नाही.

"बायकोला घेऊन यायचं उत्तर ज्याचं होतं, त्याला काय सांगितलंत?"

मला एकदम सगळं कळलं. "निवांत राहा म्हणालो."

"कधी?"

"नऊ दिवस झाले."

"कुठे भेटेल?"

"स्टेशनबाहेर उभा असतो. पिवळी टॅक्सी, मागच्या काचेला तडा आहे."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. "चूक पद्धतीत आहे, तुमच्या एकट्याची नाही," एवढं म्हणून ती स्टेशनकडे चालायला लागली. अर्ध्या दाढीतलं गिऱ्हाईक मला म्हणालं, कोण हो या? मी म्हटलं, आमच्या सिस्टर. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की स्वतःची लाज वाटायलाही जागा उरली नाही.

पुढे काय झालं ते मला टॅक्सीवाल्याकडून कळलं. दोन आठवड्यांनी तो दाढीला आला. मी आधी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सोडा हो. बाई आल्या, मागे बसल्या, म्हणाल्या दवाखान्यात चला. वाटेत म्हणाल्या की, तुमच्या ओळखीतल्याला चुकीचं उत्तर पोचलंय, त्याचं खरं उत्तर माझ्याकडे आहे. मी तर घामाने निथळलो. फाटकाशी गाडी थांबवली तर म्हणाल्या, मी पोचले, तुम्हीही पोचलात, उतरा आता."

"आणि उतरलात?"

"नाही ना. खोटं कशाला बोलू, गाडी चालू ठेवून बसलो. त्या म्हणाल्या, भीती वाटते? मी म्हटलं, छे." त्याने मान मागे टाकली आणि मी वस्तरा लावला. "मग त्या म्हणाल्या, माझ्या ओळखीतला एक माणूस आहे. त्याची एक साधी तपासणी राहिलीय, चार वर्षं झाली, भीतीने जात नाही. माणूस फार चांगला आहे. दुसऱ्यासाठी धावेल, स्वतःचं आलं की मूग गिळून बसतो. तुम्ही त्याच्यासारखं करू नका."

वस्तरा गालावरच थांबला होता.

"असं ऐकल्यावर बसून कसं राहायचं? गेलो. बायकोलाही नेलं. आता दोघंही बरे आहोत." आरशातून त्याने माझ्याकडे बघितलं. "तुमच्या ओळखीचा आहे का हो तो माणूस?"

"असेल कोणीतरी," मी म्हटलं आणि उरलेली दाढी कशीबशी उरकली. फार चांगला माणूस, असं ती म्हणाली होती. डॉक्टरिणीसमोर मी मान हलवली तेव्हा ती शेजारीच बसली होती, आणि तरी ती असं म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुर्बिणीची तारीख आठ दिवसांवर आली होती. सिस्टर दुकानात आली, खुर्चीत बसली, मी शटर ओढलं आणि तिचे केस मोकळे केले.

"एकच प्रश्न आहे आज," मी म्हटलं. "ओळखीतल्या एकाचा."

"विचारा."

"त्याला मूल नाही. बायकोचं सगळं ठीक आहे. त्याची तपासणी कशी करतात?"

तिने आरशात माझ्याकडे बघितलं नाही. नेहमीच्याच आवाजात सांगायला लागली. आधी दोन ते सात दिवस संबंध नको, काहीच नको. डबी दवाखान्यातून मिळते. घरून आणली तर तासाभरात पोचली पाहिजे, अंगालगत ठेवून आणायची, गार होऊ द्यायची नाही. एकदा कमी निघालं तर काही आठवड्यांनी परत बघतात. मूल होत नाही अशा जोडप्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत पुरुषाचाही काही वाटा असतो, म्हणून खरं तर हीच तपासणी सुरुवातीला करायची.

"दुखतं का?"

"अजिबात नाही."

"आणि कमी निघालं तर?"

"कारण शोधतात. पुष्कळदा उपाय असतो, कधी नसतो. त्याने माणूस कमी होत नाही."

मी कात्री खाली ठेवली. "त्याला विचारायचंय की, कमी निघालं तर त्याच्या बायकोला काय वाटेल?"

पहिल्यांदाच तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "त्याला म्हणावं, ती आकड्याची वाट बघत नाहीये. तो स्वतःसाठी उठतो कधी, याची बघतेय."

मी ड्रॉवर उघडला. चिठ्ठी पिवळी पडली होती. कंगवाही होता.

चार दिवसांनी मी दवाखान्यात तीन नंबरच्या रांगेत उभा राहिलो. पुढे सहा बायका, एक म्हातारा. दोघी जणी मला ओळखून आपसात कुजबुजल्या. कोणाला वाटलं असेल, घरचा निरोप घेऊन आलाय. माझा नंबर आला तेव्हा सिस्टर रजिस्टरमध्ये लिहीत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

पेन थांबलं. तिने वर बघितलं आणि तिचे डोळे भरून आले, पण तिने मला रांगेतल्या इतरांसारखंच वागवलं. चिठ्ठी घेतली, तारीख जुनी आहे म्हणून नवी लिहून दिली, डबी दिली, उजवीकडचं शेवटचं दार दाखवलं. मी वळलो तेव्हा हळूच म्हणाली, "अहो, सावकाश. मी इथेच आहे."

आकडा कमी निघाला. शून्य नव्हता, पण कमी. बीजांची चालही मंद होती. डॉक्टर म्हणाले की अंडकोषाची एक शीर फुगलीय, तिच्यावर उपाय आहे, वेळ लागेल, खात्री देत नाही. सिस्टरने दुर्बिणीची तारीख रद्द केली. आईला सांगायचं काम माझं होतं. ते मी दुपारची जेवणं झाल्यावर सिस्टरच्या समोर केलं. म्हटलं, "आई, कमी माझ्यात आहे. तिच्यात कधीच नव्हती. त्या दिवशी डॉक्टरसमोर मी मान हलवली ती खोटी होती. इतकी वर्षं तू तिला बोललीस आणि मी बोलू दिलं."

आई कमरेवर हात ठेवून उठली आणि आत गेली. मला वाटलं, झालं, आता आठ दिवस अबोला.

संध्याकाळी सिस्टर आरशासमोर बसून केस विंचरत होती. मी दारात पेपर वाचत होतो. आई आली, सिस्टरच्या मागे उभी राहिली, तिच्या हातातून कंगवा घेतला आणि तिचे केस विंचरायला लागली. नऊ वर्षांत मी हे बघितलं नव्हतं. मी पेपर तोंडासमोर धरला आणि कान टवकारले.

"माझ्या ओळखीतली एक आहे," आई आरशाला म्हणाली.

"हं," सिस्टर म्हणाली.

"तिचं अंग बाहेर येतं. उभी राहिली की खाली काहीतरी उतरतं. कुठे जाता येत नाही, बसता येत नाही धड."

"झोपल्यावर बरं वाटतं?"

"हो. म्हणजे, ती म्हणते तसं."

"किती वर्षं झाली?"

"सात." कंगवा थांबला. "विचारणार कोणाला? जिला विचारायचं, तिला इतकं टाकून बोलली होती. कोणत्या तोंडाने विचारणार?"

माझ्या हातातल्या पेपरवरची अक्षरं मला दिसेनाशी झाली. सात वर्षं ही बाई याच घरात, तीन नंबरच्या सिस्टरपासून चार पावलांवर, गुडघ्यांचं नाव सांगत बसून राहिली होती. आम्ही मायलेक अगदी एका मापाचे निघालो.

सिस्टरने केस हातात गोळा करून अंबाडा बांधला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "यावर इलाज आहे, आई. पुष्कळदा ऑपरेशनही लागत नाही. लेडी डॉक्टर सात वाजेपर्यंत असतात." ती उठली. "तिला म्हणावं, चपला घाल. आपण आत्ताच निघतोय."

आईने कंगवा खाली ठेवला आणि दारापाशी जाऊन चपला घातल्या.